दोन हजार मीटर उंचीवरचा स्वयंपाक आणि पुण्यातला पाच लिटरचा कुकर

मेक्सिकोत बिऱ्हाड हलवायला निघालेल्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला मी एक वस्तू आवर्जून न्यायला सांगतो: स्टीलचा, जाड बुडाचा, पाच लिटरचा प्रेशर कुकर. फोक्सवॅगनचा कारखाना जसा चाकणला आहे तसा पुएब्लालाही आहे, त्यामुळे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची माणसं इकडून तिकडे जातात. माझ्या बायकोची बदली अशीच झाली. आम्ही पुएब्लाला लागून असलेल्या चोलुलाला राहतो. ती कारखान्यात, मी घरून हिशेबाचं थोडं काम करतो, आणि घर, मुलगी, स्वयंपाक माझ्याकडे. सध्या सुट्टीला चिंचवडला आलोय, तर जाणाऱ्यांचे फोन येतात. मिक्सर नेऊ का, पोळपाट नेऊ का, तवा नेऊ का. या सगळ्यांत ज्याच्यावर आमचं रोजचं जेवण उभं आहे त्या कुकरविषयी सविस्तर लिहितो.

कंपनीचं नाव देत नाही, कारण दोन-तीन नामांकित कंपन्यांचे असे कुकर मिळतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच लागू आहे. आमचा आतून बसणाऱ्या झाकणाचा आहे. रविवार पेठेत बोहरी आळीतून घेतला, साडेतीन हजारांच्या आसपास पडला. दुकानदार काकांनी आधी विचारलं, घरात माणसं किती, गॅस कुठला, आणि कुठे नेणार. मेक्सिको म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून दोन जादा रिंगा, एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणि एक शिट्टी काढून समोर ठेवली. "तिथे हे मिळायचं नाही, आत्ताच घ्या," म्हणाले. त्यांचा हा सल्ला कुकरइतकाच मोलाचा ठरला.

आता मूळ मुद्दा, उंचीचा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. पुएब्ला आणि चोलुला २,१०० मीटरच्या वर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. पुण्यात ते ९८ ला उकळतं. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण डाळीला तो फार जाणवतो. पातेल्यात मसूर कशीबशी होते. भिजवलेले छोले मात्र उघड्या पातेल्यात तासन् तास खदखदले तरी दाताखाली कच लागतोच. भात वरून मोकळा दिसतो आणि आत कणी राहते. गॅस मोठा करून उपयोग नाही, कारण आच कितीही वाढवली तरी उकळतं पाणी त्याहून तापत नाही, नुसती वाफ होऊन उडून जातं.

म्हणून तिथे कुकर ही सोय नाही, गरज आहे. मेक्सिकन घरांतही तो असतोच, त्याला ओया एक्सप्रेस म्हणतात, आणि तो मुख्यतः फ्रिहोल, म्हणजे त्यांच्या रोजच्या घेवड्याच्या दाण्यांसाठी, काढला जातो. मग इथून कशाला ओझं न्यायचं, असं कुणीही विचारेल. कारण त्यांचं जेवण वेगळं आहे. फ्रिहोलचं एक मोठं भांडं दोन-तीन दिवस पुरवतात, त्यामुळे कुकरमध्ये एकच पदार्थ, तोही थेट तळाशी. आपल्याला एकाच वेळी खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे किंवा भोपळा हवा असतो. डब्यांचे थर, खालची जाळी, झाकणाला लागणार नाही एवढी उंची, हा सगळा विचार आपल्याकडच्या कुकरच्या घडणीतच आहे. शेजारच्या आजींना मी तीन डबे एकावर एक बाहेर काढून दाखवले तेव्हा त्यांनी प्रत्येक डब्याचं झाकण उघडून नीट पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीला दाखवायला घेऊन आल्या.

शिट्ट्या मोजायची सवय मात्र बदलावी लागते. शिट्टीचं वजन काय करतं? आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक इतका जास्त राखतं. बाहेरचा दाबच कमी असेल तर आतलाही तेवढाच उतरतो. पुण्यात कुकरच्या आत साधारण १२० अंश मिळत असतील तर चोलुलात ११६-११७. ढोबळ हिशेब असा करतात की ६०० मीटरच्या वर प्रत्येक ३०० मीटरला शिजायची वेळ पाच टक्क्यांनी वाढवायची. त्या हिशेबानं पुएब्लाला सव्वापट वेळ येतो, आणि माझ्या ओट्यावर तो हिशेब बरोबर जुळला. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे मग एक शिट्टी जास्त कर की." पण शिट्टी ही आचेवर अवलंबून असते आणि तिथल्या शेगडीची मोठी चूल फार जोरात पेटते, भराभर शिट्ट्या होतात आणि डाळ तशीच राहते. मी पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करतो आणि घड्याळ लावतो. भिजवलेली तूरडाळ पंधरा मिनिटं, रात्रभर भिजलेले छोले अर्धा तास, भात दहा मिनिटं. मग वाफ आपोआप जिरू द्यायची. वाफ जिरण्याची ती वेळही शिजण्यातच धरायची, घाईनं शिट्टी उचलायची नाही.

जाड बुडाचा आग्रह याच बारीक आचेसाठी. पातळ बुडाच्या स्वस्त कुकरमध्ये डब्याशिवाय उसळ लावली तर मध्ये गोल डाग धरतो. जाड बुडात तसं होत नाही आणि आच बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो.

गॅसचं सांगायला हवं. आमच्या घराच्या गच्चीवर गॅसची कायमची टाकी आहे, तिच्यात गाडीवाला येऊन लिटरवर गॅस भरून देतो. अंघोळीचं पाणी त्याच गॅसवर तापतं. गॅसचा कमाल दर सरकार आठवड्याला ठरवतं, तरी वर्षभराचा खर्च जाणवतो, कारण डिसेंबर-जानेवारीत पहाटे चोलुलात चांगलीच थंडी असते. डाळ, भात, भाजी एकाच आचेवर होणं म्हणजे खरी बचत आहे.

कुकरमध्ये काय शिजवायचं, याचीही तिथे नवी घडी बसते. तूरडाळ साध्या दुकानांत नसते, मेक्सिको सिटीतल्या भारतीय किराण्यातून मागवावी लागते आणि जपून वापरावी लागते. पण चोलुलाच्या मंडईत अख्खे मसूर आहेत, छोले आहेत, वाळलेले वाटाणे आहेत, आणि फ्रिहोलचे तर काळे, पिवळट, ठिपक्यांचे, पांढरे असे ढीगच्या ढीग. काळ्या फ्रिहोलची आमटी आमच्या घरी आता तूरडाळीच्या बरोबरीनं होते. रात्रभर भिजवायचे, कांदा घालून कुकरला लावायचे, मग वरून लसणाची फोडणी आणि गोडा मसाला. चिंच तिथे सर्रास मिळते, आणि पिलोन्सियो नावाचा उसाचा गूळ शंकूच्या आकारात मिळतो, चवीला आपल्या काळ्या गुळाच्या जवळचा. तेव्हा आंबट-गोडाची काळजी नको. कोथिंबीर, मिरची, जिरं, लिंबू यांचा तर त्या मंडईत सुकाळ आहे.

भाताला मात्र वेळ लागला. शेजारच्या मोरेलोस राज्याचा तांदूळ नावाजलेला आहे, दाणा मोठा आणि भरदार, पाणीही भरपूर पितो. आंबेमोहोराचा वास त्याला नाही. पण वरणासोबत कालवायला तो छान मऊ होतो, फक्त डब्यात पाणी अडीचपट घाला.

एकादशीला या कुकरचा आणि त्या देशाचा मेळ मला सगळ्यात जास्त आवडतो. रताळं मूळचं अमेरिका खंडातलं, तिथे त्याला कामोते म्हणतात, आणि पुएब्ला शहर तर कामोतेच्या मिठाईसाठीच ओळखलं जातं. राजगिराही तिथलाच. त्याच्या आलेग्रिया नावाच्या वड्या मध-गुळात बांधून रस्त्यावर विकतात, हातात घेतली की थेट आपली राजगिऱ्याची चिक्की. शेंगदाणे तर आहेतच. माझ्या आईनं आयुष्यभर उपासाला जे खाल्लं त्यातलं इतकं काही या मातीतून जगभर गेलेलं आहे, हे तिथल्या मंडईत उभं राहिल्यावर फार मनाला भिडतं. रताळी जाळीवर ठेवून कुकरमध्ये वाफवतो. मक्याची कणसंही कुकरलाच लावावी लागतात, कारण तिथलं पांढरं कणीस आपल्या स्वीट कॉर्नसारखं कोवळं नसतं, दाणा टपोरा आणि घट्ट असतो.

आवाजाची गोष्ट. संध्याकाळी भाजलेली रताळी विकणारा गाडीवाला येतो, त्याच्या गाडीवर लाकडाची भट्टी असते आणि तिच्या वाफेवर लांबलचक शिट्टी वाजते. आमच्या कुकरची पहिली शिट्टी झाली की सुरुवातीला खालच्या मजल्यावरची मुलं पैसे घेऊन फाटकापर्यंत धावायची. आता ती जिन्यातूनच विचारतात, आज काय शिजतंय. त्यातल्या दोघांना वाटाण्याची उसळ इतकी आवडते की मुलीच्या डब्यात मी ती जास्तीची भरतो.

आता उणिवा. हँडलचा स्क्रू ढिला होतो, महिन्यातून एकदा आवळावा लागतो. तो स्टीलचा असायला हवा होता, आमच्याचा गंजला. आमच्या घरी नळाचं पाणी जड आहे, त्यामुळे कुकरच्या आत पांढरा थर धरतो. तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकली की तो कमी होतो, आणि डाळ-तांदळासाठी मी पिण्याचं पाणी वापरतो, जे तिथे २० लिटरच्या गाराफोनमधून विकत घ्यावं लागतं. जड पाण्यात कडधान्यं उशिरा शिजतात, म्हणून हा खर्च मी चुकवत नाही.

सुट्या भागांचा प्रश्न सर्वांत मोठा. ओया एक्सप्रेसची रिंग तिथल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण मापं वेगळी, आपल्याकडच्या झाकणाला ती बसत नाही. उपाय करून बसवूही नका, दाबाच्या भांड्याशी असा खेळ नको. रिंग सैल पडली की वाफ कडेनं जाते, दाब धरत नाही, आणि उंचीवर आधीच कमी असलेला दाब आणखी कमी होतो. तिथली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, आमची पहिली रिंग पुण्यापेक्षा लवकर कडक झाली. म्हणून माझ्या मते तीन रिंगा न्याव्यात.

पोपोकातेपेत्ल हा जागता ज्वालामुखी आमच्या गच्चीतून दिसतो. १९९४ पासून तो धुमसतोय, आणि २०२३ च्या मे महिन्यात त्याच्या राखेमुळे पुएब्लाचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. राख पडते तेव्हा पाण्याच्या टाक्या झाकायच्या, राख झाडून पिशवीत भरायची, पाण्यानं गटारात ढकलायची नाही, अशा सूचना असतात. भांड्यांच्या बाबतीत माझा नियम असा: मागच्या उघड्या जागेत कुकर वाळत ठेवायचा नाही. ती राख म्हणजे बारीक काचेची कचच असते, घासणीनं घासली की स्टीलवर ओरखडे येतात. आधी वाहत्या पाण्याखाली धरायचं, मग हात लावायचा. आणि झाकण लावण्याआधी वाफेच्या नळीतून उजेड दिसतो का, हे रोज बघायचं. पुण्यातही बघायला हवं, तिथे तर नक्कीच.

बाकी वस्तूंबद्दल थोडक्यात. मिक्सर नेऊ नका. तिथे वीज १२७ व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा, आणि त्याला पुरेल एवढा ट्रान्सफॉर्मर कुकरपेक्षा जड. तिथे घरोघरी लिकुआदोरा, म्हणजे ब्लेंडर, असतो, ओल्या वाटणाला तो चालतो. सुक्या चटणीसाठी कॉफी दळायचं छोटं यंत्र घ्या. विजेचा कुकर घ्यायचा विचार असेल तर त्यात दाब सहसा शिट्टीच्या कुकरपेक्षा कमी असतो, उंचीवर तो फरक आणखी जाणवतो. पोळपाट-लाटणं न्या, जागा लागत नाही. कडधान्य आणि बिया सामानात भरण्याआधी सेनासिका या तिथल्या खात्याची परवानगीची यादी वाचा, विमानतळावर ते कडक तपासतात.

तिघा-चौघांच्या घराला पाच लिटर योग्य. दोघंच असाल तर तीन लिटरचा चालेल, पण त्यात तीन डबे बसत नाहीत. पाचाला साडेचार गुण देईन, अर्धा त्या स्क्रूसाठी कापला. नेताना डबे आत बसवून त्यांत गोडा मसाला आणि हिंग सीलबंद पाकिटांत भरा, झाकण पंच्यात गुंडाळून वेगळं ठेवा, आणि रिंगा दुमडू नका, बॅगेच्या तळाशी सपाट पसरा.