नामांकित कंपनीचा शेअर की निफ्टी इंडेक्स फंड?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलंय: साठवलेले दोन लाख एकाच मोठ्या कंपनीत घालू, की इंडेक्स फंडात? (निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; त्याचा इंडेक्स फंड त्या सगळ्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेतो.)

टिकाऊपणा आधी पाहू, कारण खरा फरक तिथेच आहे. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा हिशेबातला घोटाळा जानेवारी २००९ मध्ये उघड झाला. एका दिवसात शेअर पाऊणहून अधिक कोसळला आणि निफ्टीतून बाहेर पडला. त्याच्या जागी आली रिलायन्स कॅपिटल ही वित्त कंपनी. पुढे तीही दिवाळखोरीत गेली आणि भागधारकांच्या हाती शून्य आलं. निफ्टीतल्या कंपन्यांची निवड करणाऱ्यांनाही हे आधी दिसलं नव्हतं! फंडात २ टक्के वाटा असलेली कंपनी पूर्ण बुडाली, तर दोन लाखांतले चार हजार जातात. मात्र फंड अशा कंपनीला ती निफ्टीतून बाहेर गेल्यावर, म्हणजे भाव पडल्यावरच विकतो, हे लक्षात ठेवा.

खर्च: शेअरला डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) आणि ब्रोकरेज (दलाली) लागतं. फंडाचा डायरेक्ट प्लॅन, म्हणजे एजंटाशिवाय थेट घेतलेला, घ्या; त्याला डीमॅट लागत नाही.

मेहनत: शेअर घेतला तर दर सहामाहीला कर्ज आणि रोख प्रवाह, आणि दर तिमाहीला प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) गहाण ठेवलेले शेअर तपासावेच लागतात. गोव्यातली २०१२ ची खाणबंदी आठवा, एका आदेशाने धंदा थांबतो.

ताळेबंद वाचता येत असेल आणि रक्कम बुडाली तरी घर चालणार असेल, तर शेअर. मुलांच्या शिक्षणाचे किंवा निवृत्तीचे पैसे फंडात, तेही किमान सात वर्षं.