फेरफार केलेला धनादेश वटल्यानंतर: रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल सेवेचे परीक्षण

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना, म्हणजे बँकेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या लोकपालाकडे नेण्याची सोय, 12 नोव्हेंबर 2021 पासून अस्तित्वात आहे. तिच्यासाठी शुल्क लागत नाही, वकील लागत नाही आणि तक्रार घरबसल्या दाखल करता येते. असे असूनही, खरी सही असलेल्या धनादेशावरचे नाव किंवा रक्कम बदलून कोणी पैसे उचलले असतील, तर ही सेवा कागद तयार असलेल्या खातेदाराच्याच उपयोगी पडते. ज्याच्याकडे फक्त अन्यायाची भावना आणि पासबुकातील एक नोंद आहे, त्याच्या हाती बहुधा तक्रार बंद झाल्याचे पत्र येते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वतीने ही सेवा वापरल्यानंतर आणि त्या निमित्ताने कायदा नीट वाचल्यानंतर माझे हे मत झाले आहे.

प्रकरण थोडक्यात असे होते. लिफ्टच्या देखभालीपोटी काढलेला अठरा हजार रुपयांचा धनादेश टपालात गहाळ झाला, त्यावरील नाव व रक्कम रसायनाने पुसण्यात आली आणि तोच धनादेश चार लाख ऐंशी हजारांचा होऊन दुसऱ्या शहरातील, दुसऱ्या बँकेतील एका खात्यात जमा झाला. सह्या अध्यक्ष आणि खजिनदार यांच्याच होत्या. आमच्या शाखेने पहिल्याच भेटीत हात वर केले: सही जुळते, शिल्लक होती, मग आम्ही काय करणार?

हे उत्तर उद्धट असले तरी निराधार नाही, आणि लोकपालाकडे जाण्यापूर्वी ते समजून घेतले पाहिजे. सही खोटी असेल तर खातेदाराची बाजू भक्कम असते, कारण खोट्या सहीचा धनादेश म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे. खातेदाराने पासबुक वेळेवर तपासले नाही, एवढ्यावरून बँक सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या 1987 च्या निकालात स्पष्ट केले आहे. सही खरी आणि मजकूर बदललेला असेल तर मात्र पारडे फिरते. धनादेशांना लागू असलेल्या परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 चे कलम 87 म्हणते की महत्त्वाचा फेरफार झालेला धनादेश, त्या फेरफाराला संमती न दिलेल्या पक्षाविरुद्ध निरर्थक ठरतो. पण लगेच पुढे कलम 89 म्हणते की फेरफार दिसून येत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील, तर बँक जबाबदारीतून मुक्त होते. सगळे भांडण ‘दिसून येत नसेल’ आणि ‘रीतसर’ या दोन गोष्टींवर येऊन थांबते. बँक ऑफ महाराष्ट्र विरुद्ध ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनी या 1993 च्या निकालात, शाखेत पुसलेला मजकूर उघड करणारा अतिनील किरणांचा दिवा नव्हता आणि धनादेश त्याखाली तपासला नव्हता एवढ्यावरून सर्वोच्च न्यायालयाने बँकेला निष्काळजी ठरवले नाही. असे धनादेश दिव्याखाली तपासण्याची प्रथा अन्य शाखांत वा बँकांत होती, हे त्या खटल्यात सिद्ध झालेले नव्हते.

हा निकाल बँकेचे वकील आजही पुढे करतात. त्याला उत्तर आहे, आणि ते रिझर्व्ह बँकेच्याच कागदात आहे. नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकात तिने बँकांना सांगितले की साधारण दोन लाखांच्या वरचे धनादेश अतिनील दिव्याखाली पाहावेत, पाच लाखांच्या वरचे एकाहून अधिक पातळ्यांवर तपासावेत, धनादेश वटण्यासाठी क्लिअरिंगमध्ये येताच खातेदाराला एसएमएस पाठवावा आणि संशयास्पद किंवा मोठ्या रकमेचा धनादेश असल्यास त्याला फोन करावा. 1993 मध्ये जी प्रथा सिद्ध करता आली नाही, ती 2014 पासून लेखी अपेक्षा झाली आहे. माझ्या मते तक्रारीचा कणा हाच असायला हवा. ‘आमचे पैसे गेले’ या वाक्याने लोकपालाला काहीच ठरवता येत नाही, पण ‘चार लाख ऐंशी हजारांचा धनादेश दिव्याखाली कोणी पाहिला, कधी पाहिला आणि त्याची नोंद कुठे आहे’ या प्रश्नाला बँकेला उत्तर द्यावेच लागते.

इथे आणखी एक बारकावा आहे. सध्याच्या चेक ट्रंकेशन पद्धतीत मूळ धनादेश आपल्या बँकेकडे येतच नाही. ज्या बँकेत तो भरला गेला तिथेच तो राहतो, आणि आपल्या बँकेच्या पडद्यावर पुढच्या बाजूच्या दोन व मागच्या बाजूची एक अशा प्रतिमा येतात, ज्यांत अतिनील प्रकाशात दिसणारी अदृश्य शाईतली बोधचिन्हे किंवा पुसलेल्या जागेचे डाग दिसत नाहीत. म्हणजे कागद हातात घेऊन पाहण्याची संधी एकाच बँकेला मिळते, आणि ती आपली नसते. म्हणून तक्रार दोन्ही बँकांविरुद्ध करावी. धनादेश भरून घेणाऱ्या बँकेला त्याच अधिनियमाच्या कलम 131 चे संरक्षण मिळते, पण ते सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता काम केले असेल तरच. त्या बँकेने खाते कोणत्या कागदपत्रांवर उघडले, खाते किती जुने होते आणि एवढी रक्कम येताच ती लगेच काढली गेली तेव्हा कोणाला शंका आली का, हे प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या प्रकरणात खरी हालचाल या प्रश्नांनंतरच सुरू झाली.

आता सेवेविषयी. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून सहीशिक्क्याची पोच घ्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तरच लोकपालाकडे जाता येते; त्याआधी गेल्यास तक्रार दारातूनच परत येते. 2021 च्या योजनेनुसार बँकेचे उत्तर आल्यापासून एक वर्ष, आणि उत्तरच न आल्यास एक वर्ष तीस दिवस, ही मुदत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस (तक्रार व्यवस्थापन) पोर्टलवर भरता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पोर्टल नीटनेटके असले तरी तक्रारीच्या प्रकारांत आपले दुखणे नेमके कुठे बसवायचे, हे सामान्य माणसाला सहज उमगत नाही. संलग्न कागद एकाच फाईलमध्ये, क्रमांक घालून आणि वर एक पानाची तारीखवार हकीगत जोडून दिले, तर पलीकडच्या अधिकाऱ्याचे काम सोपे होते, हे मी स्वतः पाहिले.

सेवेची सर्वात चांगली बाजू म्हणजे समेट घडवण्याची पद्धत. लोकपालाचे कार्यालय मागते तेव्हा बँकेला पंधरा दिवसांत लेखी बाजू मांडावी लागते, आणि शाखेत ताकास तूर लागू न देणारी बँक तिथे अचानक सविस्तर बोलू लागते. धनादेशाची दोन्ही बाजूंची प्रतिमा शाखेने आम्हाला हेलपाटे घालूनही दिली नव्हती. ती या टप्प्यावर मिळाली, आणि रकमेच्या अक्षरी ओळीखालची छापील रेघ एका जागी फिकट झालेली त्या प्रतिमेतही दिसत होती. पुढे दोन्ही बँकांनी मिळून मूळ रक्कम परत केली. व्याजावर मात्र त्या शेवटपर्यंत घासाघीस करत राहिल्या, आणि लोकपाल कार्यालयानेही त्याबाबत फारसा आग्रह धरला नाही, ही माझी तक्रार आहे. 2021 च्या योजनेत नुकसानभरपाईपोटी वीस लाखांपर्यंत आणि मनस्ताप व वेळ यांपोटी वेगळे एक लाखापर्यंत देण्याचा अधिकार असताना इतकी काटकसर का, हे कळले नाही.

उणी बाजू याहून गंभीर आहे. ही संक्षिप्त कार्यवाही असल्यामुळे साक्षी, उलटतपासणी किंवा हस्ताक्षरतज्ज्ञ यांची गरज आहे असे लोकपालाला वाटले, तर तो तक्रार बंद करू शकतो. फेरफार डोळ्यांना दिसत होता की नाही, यावरच वाद असेल तर ही शक्यता बरीच असते. ज्यांचा धनादेश सफाईने बदलला गेला आहे, म्हणजे ज्यांना मदतीची गरज अधिक आहे, त्यांच्यासाठीच हे दार अरुंद आहे.

काही गैरसमजांमुळे लोक वेळ घालवतात. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास खातेदाराची शून्य जबाबदारी, हा रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातील नियम इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी आहे. कागदी धनादेशाला तो लागू नाही. पोलिसांत तक्रार केल्यास लोकपालाचा मार्ग बंद होतो, हेही खरे नाही. योजनेतच फौजदारी कारवाईला अपवाद केला आहे. उलट, प्रथम माहिती अहवाल (एफआयआर) लवकर नोंदवावा, कारण भामट्याच्या खात्यातील उरलेली रक्कम गोठवण्याचा अधिकार पोलिसांना आहे. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात: फसवणुकीला 318, मौल्यवान दस्तऐवजाच्या बनावटीकरणाला 338 आणि बनावट दस्तऐवज वापरण्याला 340. ठाणे अंमलदाराने हद्दीचे कारण सांगून टोलवले, तर गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेणे त्याला बंधनकारक आहे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करून सांगावे.

पॉझिटिव्ह पे या 1 जानेवारी 2021 पासूनच्या व्यवस्थेवरही एक शब्द. पन्नास हजार व त्यावरील धनादेशाचा तपशील खातेदाराने आधी कळवायचा आणि बँकेने तो ताडून पाहायचा, ही कल्पना उत्तम आहे; पण पाच लाखांच्या खाली ती खातेदाराच्या मर्जीवर आहे. अठरा हजारांच्या धनादेशाचा तपशील कोणी कळवत नाही, आणि तोच चार लाख ऐंशी हजारांचा होऊन आला तर ताडून पाहायला काहीच नसते. भामट्याने पाच लाखांच्या आत थांबणे हा योगायोग नसावा. त्यातच 4 ऑक्टोबर 2025 पासून धनादेश दिवसभर सलग क्लिअर होऊ लागल्यामुळे एसएमएस पाहून शाखेला थांबवण्याचा अवधी काही तासांवर आला आहे.

लोकपालाने तक्रार बंद केली किंवा निवाडा पटला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग उरतो. क्रम मात्र उलटा करू नये: आयोगात किंवा न्यायालयात आधी गेल्यास त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. निवाडा मान्य असेल तर तीस दिवसांत तसे लेखी कळवावे लागते, नाहीतर तो रद्दबातल होतो. आयोगात राहत्या ठिकाणी दावा दाखल करता येतो आणि तिथे पुरावा सविस्तर मांडता येतो. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार मुदत दोनच वर्षांची आहे, आणि लोकपालाकडे प्रकरण पडून आहे म्हणून ती थांबेल असे गृहीत धरू नये.