ब्रेडवर मटण: मैद्याची ग्रेव्ही की तांबडा रस्सा?

अमेरिकन पद्धतीचं हे उघडं सँडविच तसं साधं: ब्रेडवर भाजलेल्या मांसाचे काप, वरून गरम ग्रेव्ही, खायला काटा-सुरी. कोल्हापुरात घरी करायचं तर मटण आलंच. प्रश्न उरतो ग्रेव्हीचा.

मैद्याची ग्रेव्ही हुकमी. 2 मोठे चमचे तुपात तेवढाच मैदा बदामी होईपर्यंत परतायचा, मग कपभर मटणाचं अळणी पाणी थोडं थोडं ओतत घोटायचं. मीठ, मिरपूड, बस्स. झटपट दाटते आणि ब्रेडवर बसून राहते. चव सौम्य, तिखट न खाणारे पाहुणे असतील तर हीच करावी. घरचं कुणीतरी ठेचा मागणारच, तो भाग वेगळा.

चवीला तांबडा रस्सा कितीतरी सरस, म्हणून माझं मत त्यालाच. पण तो मुळात पातळ, वाटीतून भुरकायचा. तसाच ओतला की स्लाइसचा लगदा. भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-तिळाचं वाटण जरा जास्त घालून तो चांगला आटवावा, वरचा कट आधी काढून ठेवून शेवटी चमचाभरच सोडावा. ब्रेड दोन्ही बाजूंनी तव्यावर कडक भाजलेला हवा, मटण बिनहाडाचं. पांढऱ्या रश्श्याच्या वाटेला मात्र इथं जाऊ नये. आटवायला घेतला की नारळाचं दूध फुटतं.