अमेरिकन फुटबॉल मागवण्याआधी वीत मोजा

ऑनलाइन मिळणारा कंपोझिट, म्हणजे कृत्रिम चामड्याचा, अधिकृत मापाचा अमेरिकन फुटबॉल बेळगावच्या लाल मातीत कोरड्या दिवसांत चांगला चालतो. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर ऑक्टोबर ते मे त्याला नाव ठेवायला जागा नाही. गडबड होते ती माप निवडताना.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. त्या निवडीआधी क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. आपली वीत ती हीच. ९ इंचांच्या खाली वीत भरली की जाणकार शंका काढू लागतात. क्वार्टरबॅक जो बरो याची वीत ९ इंच भरली आणि २०२० मध्ये तो पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला. केनी पिकेटची साडेआठच भरली, त्यावर भरपूर चर्चा झाली, तरी २०२२ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. तो फेकणाऱ्या हातातही ग्लोव्ह घालतो.

अधिकृत बॉल सुमारे ११ इंच लांब, मधला घेर २१ इंचांच्या वर, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. अनामिका आणि करंगळी लेसवर, म्हणजे बॉलवरच्या आडव्या दोरीच्या टाक्यांवर, तर्जनी टोकाकडे शिवणीवर, अंगठा खालून, आणि तळहात व बॉलमध्ये थोडी फट, ही नेहमीची पकड. वीत ८ इंचांच्या आत असेल तर ही पकड बसत नाही. बॉल तळहातात दाबला जातो, फेकताना कोपर खाली येतं, बॉल हवेत डुलतो आणि चार दिवसांत खांदा धरतो. अशा हातांनी ‘यूथ’ माप घ्यावं. ते १२ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी म्हणून विकतात, पण मोठ्यांनी ते वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

हवा १२.५ ते १३.५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर भरू नका. तो टायरच्या दाबाचा, दोन सेकंदांत जास्त हवा जाते आणि शिवण ताणते. हातपंप, सुई आणि छोटा गेज पुरे. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावून सरळ आत घाला. तिरकी गेली की व्हॉल्व्ह फाटतो, मग बॉल कामातून गेला. दुपारी ३० अंशांत १३ भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांत साडेअकराच्या जवळ येते, म्हणून खेळायच्या वेळीच मोजा. याच हवेपायी, जानेवारी २०१५ च्या सामन्यातले बॉल मऊ निघाल्यामुळे, क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीला पुढे ४ सामने बाहेर बसावं लागलं. सात सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकणाऱ्याची कारकीर्दही त्या एका पीएसआयच्या वादातून सुटली नाही.

लाल धूळ बॉलवरच्या बारीक दाण्यांत बसली की पकड जाते. ओल्या फडक्याने आणि मऊ टूथब्रशने पुसा, सावलीत वाळवा. पावसात कंपोझिट पाणी पीत नाही, पण साबणासारखा निसटतो. खानापूरकडच्या मंडळींनी पावसाळ्यासाठी वेगळा रबरी बॉल ठेवावा. अस्सल चामड्याचा त्या पावसात पाणी पिऊन जड होतो आणि शेगडीजवळ वाळवला तर कडक पडतो, तेव्हा आपल्या हवेला तो नकोच.

लेस मात्र घेतानाच तपासा. आठही आडवे टाके बोटाला उंच लागले पाहिजेत. सपाट छापील लेसचा बॉल लगेच परत करा.