पांढरी अक्षरं आतल्या बाजूला

टायर रिमवर चढवायच्या आधी दुकानदाराने विचारलं, "पांढरी अक्षरं बाहेर ठेवू की आत?" मी उलट त्यालाच विचारलं, काय चांगलं दिसेल? "आतच ठेवा. काळी बाजू बाहेर असली की गाडी रुबाबदार दिसते." मी मान डोलावली. तिथेच मी कापला गेलो होतो, पण हे कळायला पुढे तीन महिने जावे लागले.

माझी गाडी फोर बाय फोर आहे, पार्ट-टाइम प्रकारातली. एरवी मागच्या चाकांवर चालते, लिव्हर टाकला की पुढचीही जोर लावतात. कंपनीचे टायर होते २३५/७० आर १६. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर हा आकडा आणि किती हवा भरायची ते छापलेलं असतं. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची, आणि १६ इंचांचा रिम. वरची-खालची साइडवॉल धरून आणि रिमचे ४०६ मिलिमीटर मिळवून चाकाची उंची येते साधारण ७३५ मिलिमीटर. शाळकरी पोराला जमेल असं गणित. मी ते केलं नाही, कारण मला तेव्हा गाडी उंच आणि दांडगी दिसायला हवी होती, आणि असं गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदाराला फार कष्ट पडत नाहीत.

त्याने २६५ चे टायर सुचवले. "दगडाधोंड्यात उतरता ना? मग २३५ वर काय फिरताय?" लोड इंडेक्स ११२, म्हणजे एका टायरला ११२० किलो भार चालतो, हे त्याने बोट ठेवून दाखवलं आणि ते अगदी खरं होतं. सोबत ८ इंच रुंदीचे अलॉय रिमही घ्या, असं सांगितलं. मूळचे रिम ७ इंची, त्यावर २६५ बसतो पण ८ वर जास्त बरा बसतो. हेही खरंच. माझे चार टायर-रिम बदल्यात घेतो म्हणाला. निम्मे झिजलेले, पण चांगले होते ते. किरकोळ रक्कम वजा केली आणि मी खूशही झालो. स्टेपनी तेवढी जुनीच राहिली. "ती कधी लागते?" म्हणाला.

गाडी दुकानातून निघाली तेव्हा मागून जरा उंच वाटली. विचारलं, तर म्हणे सामान भरलं की बसेल.

पहिले काही दिवस आरशासमोर उभ्या राहिलेल्या नवरदेवासारखे गेले. मग एकदा रिव्हर्स घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या डाव्या चाकापाशी खर्रर्र आवाज आला. मडगार्डच्या आतलं प्लास्टिक टायरला घासत होतं. दुकानात गाडी उभी असताना चाकं सरळ होती. तुम्ही कधी असा बदल करणार असाल तर पैसे द्यायच्या आधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा, पुढे-मागे दोन्हीकडे चालवून. जमलं तर एक चाक उंचवट्यावर चढवून परत तेच करा, कारण सपाट जमिनीवर न घासणारा टायर चाक वर दाबलं गेलं की घासतो.

स्टिअरिंगलाही खड्ड्यात हिसके बसू लागले होते. त्याचं कारण रिममध्ये होतं. ऑफसेट म्हणजे रिम जिथे गाडीला टेकतो ती बाजू रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या अंगाला आहे तो आकडा; तो रिमवर ईटी असा लिहितात आणि तो कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ रिमचा ऑफसेट ईटी ३०, नव्याचा ईटी ०. त्यात रिम एक इंच जास्त रुंद. दोन्ही मिळून बाहेरची कड जवळपास ४३ मिलिमीटर बाहेर आली होती. दिसायला झकास, पण वळताना टायर मोठा घेर घेतो आणि व्हील बेअरिंगवर ताण वाढतो. हा ईटीचा आकडा बहुतेक रिमवर आतल्या बाजूला, आऱ्यांच्या मागे असतो. बसवलेल्या चाकावर तो बाहेरून दिसत नाही.

यातलं मी सगळं सहन केलं. वेगाचा मीटर ८० दाखवायचा तेव्हा मोबाईलवरचं जीपीएस ८६ दाखवायचं, तेही हसून सोडून दिलं.

मग तो चढ. ओल्या मातीत फोर बाय फोर टाकून वर आलो, पुढे पक्का रस्ता लागला, आणि लिव्हर काही मागे येईना. जोर लावला, क्लच दाबून लावला, ढिम्म. गाडी वळणावर अडखळत होती, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. शेवटी फोनवरून मेकॅनिकने सांगितलं तसं स्टिअरिंग सरळ ठेवून काही फूट रिव्हर्स घेतली, तेव्हा खट्ट आवाज झाला आणि लिव्हर सुटला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडीखाली पाहायच्या आधी खडू मागितला. पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीशी एकेक रेघ मारली, गाडी ढकलत चाकाची एक फेरी होऊ दिली आणि टेपने मोजलं. मागचं चाक एका फेरीत सुमारे ८ सेंटिमीटर पुढे जात होतं. मग त्याने वाकून आकडे मोठ्याने वाचले. पुढे २६५/७०. मागे २६५/७५.

हा आकडा तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होता. पार काळ्या बाजूवरही होता. मी फक्त २६५ वाचत होतो. पुढचं चाक ७७७ मिलिमीटर, मागचं ८०४. दुकानात एका मापाचे चार नव्हते, दोन-दोन होते, म्हणून त्याने तसेच बसवले. म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा तेरा-चौदा फेऱ्या जास्त मारायच्या, आणि पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये तर पुढचा-मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधलेला. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मधे नाही. मातीत चाक थोडं घसरून ताण मोकळा होतो. पक्क्या रस्त्यावर तो कुठे जाणार? ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या गिअरच्या डब्यात, म्हणजे ट्रान्सफर केसमध्येच साठतो. मीटर चुकण्याचंही कोडं तिथेच सुटलं. मागची चाकं मूळ मापापेक्षा ९ टक्के मोठी होती. आणि पंक्चर झालं असतं तर ती २३५ ची स्टेपनी कुठल्या चाकाच्या जोडीला लावणार होतो मी?

मेकॅनिक म्हणाला, आलोच आहोत तर खालूनही बघू. टॉर्च घेऊन मीच गाडीखाली झोपलो. डोक्यावर पांढरी अक्षरं होती, आणि त्यांच्या खाली, रिमच्या कडेशी, लहानशा लंबगोलात चार आकडे: १८१४. दुसऱ्या टायरवर ४११३. मागच्या दोन्हींवर ०५१५. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी टायर घेतले २०२२ मध्ये. सगळ्यात तरुण टायर सात वर्षांचा होता. टायरचा पूर्ण ओळख नंबर, तारखेसकट, एकाच बाजूला असला तरी चालतो. या टायरांत तो पांढऱ्या अक्षरांच्या बाजूला होता. बाहेरून पॉलिश मारून चकाचक काळे केलेले, आतल्या बाजूला नक्षीच्या मुळाशी बारीक भेगा. नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं.

बिल काढून पाहिलं. "टायर १६ इंची, ४ नग." पूर्ण माप नाही, तारीख नाही, रिमचा ऑफसेट नाही. भांडायला कागदच नव्हता. आता मी बिलावर आकड्यांची पूर्ण ओळ आणि प्रत्येक टायरचे शेवटचे चार आकडे लिहून घेतो, आणि तेही टायर जमिनीवर आडवा असताना स्वतः वाचून. नंतर मी घेतले २४५/७० आर १६, स्टेपनी धरून पाच, मूळ ईटीच्या रिमवर. चाक १४ मिलिमीटर उंच झालं, म्हणजे गाडी फक्त ७ मिलिमीटर वर आली. कोणाच्या लक्षातही येत नाही. कुठे घासत नाही.

त्याआधी दुकानात गेलो होतोच. तो शांत होता. "न वापरलेला टायर नवाच असतो, साहेब. रॅकवर काय झिजतो?" मापाबद्दल म्हणाला, तुम्हीच घाई केली. माझे जुने रिम मागितले तर ते केव्हाच विकले गेले होते. मग मी म्हटलं, ठीक आहे, हे चार नवे आहेत ना, तीनच महिने चाललेत, बदल्यात घ्या. तो बाहेर आला. गुडघ्यावर बसला, हात चाकामागे घालून मोबाईलचा उजेड आत टाकला, वाचलं आणि हात झटकत उठला.

"हे फार जुने आहेत," तो म्हणाला. "भंगारात जातील."