दिव्यांग व मानसिक आरोग्य केंद्रांसाठीची नियम-माहिती सेवा: वर्षभराच्या वापरानंतर

मुलुंडमध्ये आमचे एक लहानसे केंद्र आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेली बावीस मुले तेथे येतात. दोन विशेष शिक्षिका, एक वाचा उपचारतज्ज्ञ, आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शनिवारी पालकांसाठी बसणारे समुपदेशक आणि मुलांना सांभाळणाऱ्या दोन मावशी एवढाच आमचा व्याप आहे. तरीही भारतीय पुनर्वास परिषदेचा १९९२ चा कायदा, राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ या सगळ्यांशी आमचा कोठे ना कोठे संबंध येतो. केंद्राच्या अधिसूचना दिल्लीच्या राजपत्रात येतात, शासन निर्णय मंत्रालयातून निघतात, दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, आणि पालकांना मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी जावे लागते ते मुंबईतल्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात. मुलांचे सत्र संपवून, पालकांशी बोलून झाल्यावर हे सारे वाचायला कोणाला वेळ मिळणार, म्हणून आम्ही वर्षभरापूर्वी एका खासगी सल्लागार संस्थेची वर्गणी भरून तिची पाक्षिक नियम-माहिती सेवा घेतली.

संस्थेचे नाव मी येथे देत नाही. पुढे सांगितलेली चूक माझ्या एकटीच्या अनुभवातली आहे, आणि अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या केंद्रचालकांना ती कशी पारखून घ्यावी हे कळणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

दर पंधरवड्याला चार ते सहा पानांचा मराठी अंक व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर येतो. प्रत्येक नोंदीत बदल कोणता, तो कोणाला लागू, कोणत्या तारखेपासून आणि केंद्राने आता काय करायचे अशी चार टिपणे असतात. ही मांडणी मला मनापासून आवडली. मराठीही बरी आहे; राजपत्रातले वाक्य तसेच उचलून ठेवण्याचा आळस त्यांनी केलेला नाही, त्यामुळे आमच्या मावशींनाही एखादे पान वाचून दाखवता येते.

सेवेची खरी ताकद दिसली ती नोंदणीच्या प्रश्नावर. ‘आपल्याला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी करावी लागेल का?’ हा प्रश्न आमच्यासारख्या अनेक केंद्रचालकांना सतावतो, आणि ऐकीव उत्तरे इतकी परस्परविरोधी असतात की माणूस घाबरूनच जातो. अंकात दोन पाने खर्चून हे नीट उलगडले होते. २०१७ च्या कायद्यातील आस्थापनेच्या व्याख्येत मानसिक आजार असलेल्या व्यक्तींना जेथे दाखल करून घेतले जाते, जेथे त्या राहतात किंवा उपचारासाठी ठेवल्या जातात, अशी ठिकाणे येतात. म्हणजे तासाभराचे समुपदेशन करून घरी पाठवणारे केंद्र आणि रुग्णांना महिनोन्‌महिने ठेवून घेणारे व्यसनमुक्ती केंद्र यांना एकाच मापाने मोजता येत नाही. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती कायद्याने मानसिक आजारात धरल्या आहेत, त्यामुळे निवासी व्यसनमुक्ती केंद्रांना हा कायदा थेट लागू होतो. त्याच व्याख्येतून बौद्धिक अक्षमता मात्र स्पष्टपणे वगळली आहे. आमची मुले ज्या कायद्याच्या छायेत येतात तो २०१६ चा कायदा होय, आणि दिव्यांगांसाठी संस्था चालवण्याकरिता लागणारी नोंदणीही त्याच कायद्याखालची. ही दोन पाने वाचून मी कित्येक महिन्यांनी निश्चिंत झाले. आमच्या कागदांच्या कपाटात कोणती फाइल कोणत्या कायद्याची, हे त्या दिवशी पहिल्यांदा लेबल लावून ठेवता आले.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयीची टीपही मोलाची होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे दंड संहितेतील जुने ३०९ कलम गेले. लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करायला भाग पाडण्यासाठी किंवा त्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे मानण्याची तरतूद आधीच केली होती. आमच्या समुपदेशकांच्या संमतिपत्रात पोलिसांचा उल्लेख असलेले एक जुने वाक्य होते. ते वाचून एखादी आई मनातले सांगता सांगता थांबत असेल, ही शंका आम्हाला होतीच. अंक हाती आल्यावर ते वाक्य आम्ही त्याच आठवड्यात काढून टाकले.

आरोग्य विम्यासंबंधीच्या नोंदी ठीक, पण त्रोटक आहेत. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा संरक्षण देण्याची तरतूद कायद्यात आहे आणि विमा नियामकाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्व विमा कंपन्यांना त्याची पूर्तता करण्याची ताकीद दिली, एवढे सांगून अंक पुढे जातो. दावा नाकारला गेल्यास पालकाने कोणत्या क्रमाने दाद मागावी, हे सांगायला हवे होते.

आता चुकीविषयी. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यावरचा अंक वेळेवर आला आणि यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्राच्या, रंगांची माहिती अगदी स्वच्छ होती: चाळीस टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वाला पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आतले पिवळे, ऐंशी व त्याहून अधिकला निळे. अर्जावरचा फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा, हेही ठळक दिले होते. पण सोबतच्या तक्त्यात अर्ज केल्यानंतर प्रमाणपत्र देण्याची मुदत जुन्या नियमाप्रमाणे एक महिनाच राहिली. दुरुस्तीने ती तीन महिने केली होती.

तो तक्ता मी छापून स्वागतकक्षाच्या काचेवर लावला. नोव्हेंबरच्या मध्यावर एका मुलाच्या आईने अर्ज भरला. तिच्या मुलाला दहावीच्या परीक्षेत सवलत मिळण्यासाठी शाळेने प्रमाणपत्र मागितले होते, आणि मी तिला तक्त्यावर बोट ठेवून महिनाभराचा हिशेब सांगितला. तिने शाळेतही तेच सांगितले. डिसेंबर अखेरीस ती आली तेव्हा रुग्णालयाकडून काहीच हालचाल नव्हती. ती काचेसमोर उभी राहून तो तक्ता पुन्हा वाचत होती. “मॅडम, तुम्हीच तर एक महिना म्हणालात. शाळेत मी आता काय सांगू?” असे तिने विचारले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी मी मूळ अधिसूचना शोधून वाचली, दुसऱ्या दिवशी शाळेला अर्जाच्या पावतीची प्रत जोडून पत्र दिले, आणि मुख्याध्यापकांनी समजूतदारपणे ते मान्य केले. प्रमाणपत्र जानेवारीच्या शेवटी, म्हणजे नव्या मुदतीच्या आतच, मिळाले.

चूक कोणाकडूनही होते. मला लागले ते पुढचे. मी कळवल्यावर जानेवारीच्या अंकात दुरुस्त तक्ता आला, पण ‘मागील तक्त्यात मुदत चुकीची होती’ असा एका ओळीचाही उल्लेख त्यात नव्हता. माझ्यासारख्या ज्या कोणी जुना तक्ता भिंतीवर चिकटवला असेल, त्यांना तो काढण्याचे कारणच कळले नसणार. पालकाच्या हातात जाणारी माहिती विकणाऱ्याने दुरुस्ती पहिल्या पानावर छापली पाहिजे, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही.

दुसरी उणीव राज्याच्या बाबतीत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, त्यामुळे या विभागाचे शासन निर्णय आम्हाला सर्वांत जवळचे. अंकात त्यांचा सारांश येतो, पण शासन निर्णयाचा संकेतांक दिलेला नसतो. संकेतांक असला तर कोणीही शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ प्रत विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. नसला तर विषय आणि तारीख घेऊन शोधत बसावे लागते. महापालिकेच्या परिपत्रकांची दखल वर्षभरात मला फारशी दिसली नाही, आणि मुंबईतल्या केंद्राला तीच आधी लागतात.

निवासी व्यसनमुक्ती केंद्रे, मनोरुग्णांची निवासी पुनर्वसन केंद्रे आणि चार-पाच वेगवेगळ्या परिषदांकडे नोंदणी असलेली माणसे कामाला ठेवणाऱ्या संस्था यांना ही वर्गणी परवडते आणि वसूलही होते. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या वाचा उपचारतज्ज्ञाने किंवा समुपदेशकाने मात्र आधी दोन नमुना अंक मागवावेत, त्यातील एका नोंदीची मूळ अधिसूचना स्वतः काढून ओळ न्‌ ओळ ताडून पाहावी आणि मगच पैसे भरावेत.

आम्ही आणखी एका वर्षासाठी वर्गणी भरली आहे. त्यासोबत पाठवलेल्या पत्रात दोन मागण्या लेखी केल्या: प्रत्येक राज्य नोंदीला संकेतांक, आणि दुरुस्त्यांसाठी पहिल्या पानावर राखीव चौकट. पहिल्या मागणीला होकार आला आहे, दुसरीवर विचार सुरू असल्याचे उत्तर आले. तोवर स्वागतकक्षाच्या काचेवर अंकातला तक्ता लावत नाही. तेथे राजपत्रातल्या त्या पानाची प्रत आहे, मुदतीच्या ओळीखाली लाल रेघ मारलेली.