माती परीक्षणाची फाईल दाखवली, पण ती कशाची?

खाडीकाठी जुन्या कचराभूमीवर उभ्या केलेल्या इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला. तिथे पूर्वी काय होतं, हे आम्ही विचारलं होतं. ‘भरावाची जमीन आहे, समुद्राकाठी सगळीकडे असतेच,’ असं उत्तर मिळालं. यातला एकही शब्द खोटा नाही, हेच त्यातलं कसब. भराव कशाचा, तेवढं गाळलं.

माती परीक्षणाचा अहवाल मागितला, तर तोही हसतमुखाने दिला. जाड फाईल, पानोपानी शिक्के. वकिलांनी पाहिली, कर्ज देणाऱ्यांनी पाहिली, सगळ्यांचं मत एकच, ‘परीक्षण झालंय’. झालं होतंच. पण ते पायाचं परीक्षण होतं: जमीन किती भार पेलेल आणि पाइल, म्हणजे इमारतीला आधार देणारे जमिनीतले खांब, किती खोल न्यावे लागतील, याचं. मातीत शिसं आहे का, कॅडमियम आहे का, खालून वायू येतो का, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं आणि अशा अहवालात ते नसतंच. विषारी द्रव्यांची तपासणी वेगळी असते, ती वेगळी प्रयोगशाळा करते. खरेदीदार ‘माती परीक्षण’ मागतो, विकणारा त्याला सोयीचं तेवढं पुढे सरकवतो.

आमच्या प्रतीतून बोअरच्या, म्हणजे परीक्षणासाठी जमिनीत पाडलेल्या छिद्रांच्या, नोंदींची पानं काढलेली होती. पुढे पूर्ण प्रत हाती लागली, तेव्हा त्याचं कारण कळलं. ड्रिलिंग करणारा माणूस खालून जे वर येईल ते मीटरमागे मीटर लिहीत जातो, त्याला कोणाला काही विकायचं नसतं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: वर लाल भराव, त्याखाली ‘काळी माती, प्लास्टिक, चिंध्या, काच, राख, उग्र वास’, आणि त्याच्याही खाली खाडीचा चिखल. तुम्ही काठावरची जागा घेत असाल तर दुसरं काही मागू नका, आधी ही पानं मागा. ‘ती तांत्रिक आहेत, तुम्हाला कळणार नाहीत’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच उठा.

राहायला गेल्यावर जमीन बोलू लागली. इमारत खोल पाइलवर उभी, त्यामुळे ती हलत नाही. भोवतालचा कचरा मात्र कुजत, दबत खाली जातो. प्रवेशद्वाराची पायरी भिंतीपासून सुटली, फटीत हात जाईल इतकी. सांडपाण्याचा पाइप नेमका भिंतीतून बाहेर पडतो तिथेच तुटला. जोडला, पुन्हा तुटला. देखभाल पाहणारा म्हणे, ‘नव्या इमारतीला असं होतंच.’ पण इथे इमारत नाही, भोवतालची जमीन बसतेय, तीही एका कोपऱ्यात जास्त, दुसरीकडे कमी. त्याला नव्याजुन्याशी घेणंदेणं नाही, खाली काय पुरलंय त्याच्याशी आहे.

मग एसी. गॅस गळतो, भरतो, पुन्हा गळतो. दुरुस्तीला आलेल्या पोराने तांब्याची कॉइल काढून दाखवली: कोळशासारखी काळी, बोट फिरवलं की पूड. शेजाऱ्यांच्या घरात चांदीची भांडी काळी पडत होती. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. भरतीचं पाणी कुजत्या कचऱ्यात शिरलं की ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू. तांबं आणि चांदी तो आधी खातो. वासाला नाक सरावतं, म्हणून वास येईनासा झाला याचा अर्थ वायू गेला असा नाही.

आणि कुजत्या कचऱ्यातून निघणारा दुसरा वायू, ज्याला वासच नाही, तो मिथेन. हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरे. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या लॉस्को गावात 24 मार्च 1986 रोजी एक बैठं घर असंच उडालं, आतले तिघे गंभीर जखमी झाले. ते घर कचऱ्यावर बांधलेलंही नव्हतं, जवळ होतं. हवेचा दाब काही तासांत झपाट्याने उतरला आणि जमिनीतला वायू खडकाच्या भेगांतून घराखाली पोचला. काठावर यात भरतीची भर: पाणी चढतं तसा वायू वर ढकलला जातो. त्यामुळे कोरड्या दिवशी, ओहोटीला वायू मोजायचा मीटर फिरवून ‘सगळं ठीक’ लिहिणाऱ्या कागदाला किंमत नाही. वरून काँक्रीट ओतलंय असंही सांगतील. काँक्रीटने वायू संपत नाही, आडवा सरकतो आणि केबलच्या नळीतून मीटररूममध्ये निघतो.

आरडाओरडा केल्यावर आम्हाला रासायनिक अहवालही दाखवला. सगळे आकडे मर्यादेत. नमुने कुठले, तर वर पसरलेल्या लाल भरावातले, तेही चार जागांची माती एकत्र कालवून. कालवली की जास्त आकडा पातळ होतो. बिल्डरपेक्षा मला अशा अहवालावर सही करणाऱ्या सल्लागाराचा राग जास्त येतो. बिल्डर निदान आपण विकायला बसलोय हे लपवत नाही. हे आमच्याच नशिबी आलं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट या जुन्या नौदल गोदीची जमीन घरांसाठी साफ करताना ठेकेदाराच्या माणसांनी दूषित जागेऐवजी स्वच्छ जागेची माती प्रयोगशाळेत पाठवली. त्याबद्दल 2018 मध्ये दोन पर्यवेक्षकांना प्रत्येकी 8 महिन्यांची कैद झाली. म्हणून अहवालात आकड्याआधी दोन रकाने बघा: नमुना किती खोलीवरचा, आणि तो घेणाऱ्याला पैसे कोणी दिले.

करारनाम्यात तेराव्या पानाच्या आसपास एक कलम होतं: जमिनीच्या पूर्वीच्या वापराबाबत खरेदीदाराची खात्री झाली असून त्याबद्दल विकसकावर जबाबदारी राहणार नाही. ज्याला काही लपवायचं नाही त्याला हे वाक्य लागतं कशाला? युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत नायगराजवळच्या लव्ह कॅनॉल या ठिकाणी एका रसायन कंपनीने हजारो टन रासायनिक कचरा पुरला आणि 1953 मध्ये ती जमीन शाळा मंडळाला 1 डॉलरला दिली. खाली रसायनं आहेत आणि इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही, असं खरेदीखतात लिहून घेतलं. तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. घरं घेणाऱ्यांपर्यंत तो इशारा धड पोचलाच नाही, आणि 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. निदान त्या खतात रसायनं होती असं लिहिलं तरी होतं.

आता सोसायटीतच दोन तट आहेत. ज्यांना विकून निघायचंय ते म्हणतात, बोभाटा करू नका, भाव पडेल. म्हणजे पुढच्या माणसाला तीच अर्धी फाईल द्यायची. मला ते जमत नाही, आणि यावरून जिन्यात बोलणंही बंद झालंय.

बिल्डरने हल्ली एक तोडगा काढलाय: मीटररूममध्ये पंखे बसवून देतो, तुम्ही एका कागदावर सह्या करा. पंखे स्फोटरोधक नाहीत, म्हणजे मिथेन साचला तर ठिणगीची सोय त्यांच्याच मोटरमध्ये. कागदात वायू, जमीन खचणं आणि आरोग्य यांबाबतच्या आजवरच्याच नव्हे तर यापुढच्याही सगळ्या तक्रारी सोडून दिल्याचं लिहिलंय. काहींनी सह्या केल्या. आम्ही सर्व ऋतूंत, भरतीच्या वेळी आणि दाब उतरलेला असताना घेतलेली वायूची मोजणी मागितली आहे, तीही आम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेकडून. ती हाती येईपर्यंत सही नाही.